तांब्याचा छोटा टॉर्च लुकलुकतोय? आधी नळीची कड पुसा

आषाढातली रात्र. गुहागरला आत्याच्या घरी वीज गेलेली. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातला तांब्याचा टॉर्च पडवीत तीनदा लागला आणि तीनदा विझला. सेल नवा होता. दुसरा नवा घातला, तरी तेच. कंदिलाची काच पुसता पुसता आत्या म्हणाली, "अरे, काळाठिक्कर पडलाय तो. चिंच लाव त्याला जरा." चिंच काही मी लावली नाही, पण तिच्या बोलण्यामुळे टॉर्च उघडून कंदिलाच्या उजेडात धरला आणि नळीची वरची गोल कड पहिल्यांदाच नीट पाहिली. कड तपकिरी झाली होती आणि तिच्यावर काळसर तेलकट कडं बसलं होतं. सदऱ्याच्या टोकाने ते घासलं. सदरा काळा झाला, कड गुलाबी झाली. डोकं पुन्हा पिळलं आणि नंतर रात्रभर टॉर्चने एकदाही डोळा मारला नाही.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे असे टॉर्च मी उघडून पाहिले. बंद पडलेला म्हणून हातात आलेला टॉर्च बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, मळलेला असतो. आणि मळ बाहेर नसतो, आत असतो. लोक मात्र बाहेरचं तांबं घासत बसतात. बाहेरचं तांबं खुशाल काळं पडू द्या, आतली कड लख्ख ठेवा, एवढंच मला सांगायचं आहे. ते कसं करायचं, हा खाली तपशील.

लेख मुख्यतः बोटाएवढ्या टॉर्चबद्दल आहे: एका एएए सेलवर चालणारा, डोकं पिळून लावायचा. मागे बटण असलेले किंवा लिथियम सेलवर चालणारे टॉर्च जिथे वेगळे वागतात, तिथे तसं सांगेन. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणायची पद्धत आहे. घोटाळा नको म्हणून इथे टॉर्च आणि सेल हेच दोन शब्द वापरतो.

नळी हीच तार

सेलचं वरचं बोंड, म्हणजे धन टोक, डोक्यातल्या सर्किटच्या मधल्या ठिपक्याला टेकतं. खालचं ऋण टोक तळाच्या स्प्रिंगवर बसतं. तिथून पुढे तार नाही. वीज स्प्रिंगमधून तांब्याच्या नळीत शिरते, नळीतून वर जाते आणि नळीच्या कडेवरून सर्किटच्या बाहेरच्या गोल पट्टीवर पोचते. डोकं घट्ट पिळलं की कड पट्टीला टेकते आणि दिवा लागतो. सैल केलं की सुटते आणि विझतो. म्हणजे ही कड हेच तुमच्या टॉर्चचं बटण आहे.

पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. अल्कलाइन सेलकडे १.५ असतात, रिचार्जेबल निकेल सेलकडे १.२. ही तूट सर्किट भरून काढतं: सेलकडून जास्त करंट ओढतं आणि एलईडीला जास्त व्होल्टेज देतं. १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देताना एवढासा सेल जवळजवळ १ अँपिअर पुरवत असतो. आता मळामुळे वाटेत ०.२ ओहमचा अडथळा आला असं धरा. १ अँपिअरला ०.२ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे १.२ मधला सहावा हिस्सा. सर्किटला पोचणारं व्होल्टेज पडलं की ते आणखी करंट ओढतं, मग व्होल्टेज आणखी पडतं, आणि शेवटी दिवा मंदावतो किंवा लुकलुकतो. घरातल्या २३० व्होल्टच्या दिव्याला एवढा अडथळा जाणवणारही नाही. इथे मात्र सगळा खेळ एका व्होल्टाच्या आसपासचा आहे.

तांब्यावर बसणारा थर वीज अडवतो हे आधीच्या पिढीच्या तंत्रज्ञांना चांगलं ठाऊक होतं. १९२० च्या दशकात तांब्याच्या ऑक्साइडच्या चकत्यांपासून रेक्टिफायर बनवायचे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. कडेवरचा तपकिरी थर तोच पदार्थ आहे.

"मंद लावतो तर एकदम प्रखर लागतो, मध्येच टप्पा बदलतो" ही तक्रारही इथूनच येते. या टॉर्चमध्ये टप्पा बदलायचा म्हणजे झटकन बंद-चालू करायचं. मळकी कड क्षणभर सुटली की सर्किटला वाटतं तुम्हीच पिळलंत आणि ते पुढच्या टप्प्यावर जातं. त्यात सर्किटचा दोष काहीच नाही.

बिघाड कुठे आहे, हे आधी ठरवा

जवळ ठेवायचं सामान थोडंच आहे: पेन्सिलचं खोडरबर, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाले याला आयपीए म्हणतात, त्यांच्याकडे मिळतं), जुनं सुती फडकं, वीतभर वायर, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि कंपासपेटीतलं दोन टोकांचं कर्कटक. मल्टिमीटर असेल तर उत्तम.

पहिला सेल तपासा. मल्टिमीटरवर नवा अल्कलाइन १.५ ते १.६ दाखवतो. चार्ज करून ठेवलेला निकेल सेल १.३ च्या आसपास. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका, कारण थकलेला अल्कलाइन सेल रिकामा बसलेला असताना १.४ दाखवतो आणि १ अँपिअर मागितला की कोसळतो. दुसऱ्या उपकरणात नीट चालणारा सेल घालून पाहणं ही जास्त खरी परीक्षा. भिंतीवरच्या घड्याळाचे आणि रिमोटचे स्वस्त झिंक-कार्बन सेल या टॉर्चला पुरत नाहीत. ते खराब नसतात, एवढा करंट देणं त्यांच्याकडून होत नाही.

इथे घरातली एक सवय सोडायला सांगतो. लहानपणी आमच्याकडे मोठ्या टॉर्चचे बसलेले सेल वडील दुपारभर उन्हात ठेवायचे आणि रात्री ते थोडा वेळ चालायचेही. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, पण सेलमध्ये नवी शक्ती येत नाही. अल्कलाइन सेल तापवले तर गळण्याचा धोका वाढतो. आणि लिथियम सेल उन्हात कधीच ठेवू नका.

सेल चांगला निघाला तर दुसरी चाचणी घ्या. पुढच्या सगळ्या कामाची दिशा हीच ठरवते. डोकं पूर्ण काढा आणि काच खाली करून टेबलावर ठेवा. सेलचं बोंड सर्किटच्या मधल्या ठिपक्यावर उभं धरा. वायरचं एक टोक सेलच्या बुडाला दाबा आणि दुसरं सर्किटच्या बाहेरच्या गोल पट्टीला टेकवा. दिवा लख्ख लागला तर डोकं शाबूत आहे, दोष नळीत, स्प्रिंगमध्ये किंवा कडेत आहे. नाही लागला तर दोष डोक्यात. ही चाचणी फक्त अल्कलाइन किंवा निकेल सेलवर करा. वायर घसरून दोन्ही टोकांना लागली तर लिथियम सेल क्षणात चटका देण्याइतका तापतो.

डोकं शाबूत असेल तर

कडेपासून सुरुवात करा. सेल काढा, नळीवरची पाणी अडवणारी रबरी रिंग काढून ठेवा. खोडरबर कडेवर सपाट टेकवून नळी बोटांत फिरवा, दहा-पंधरा फेरे पुरतात. तपकिरी रंग जाऊन कोवळा गुलाबी दिसायला लागला की थांबा. खोडरबराचा भुगा फुंकून टाका आणि आयपीएत बुडवलेली काडी कडेवरून फिरवा. काडी काळी निघेल. दुसरी काडी घ्या, ती पांढरी निघेपर्यंत.

मळ जुना असेल आणि खोडरबराला दाद देत नसेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा, नळी उभी धरून कड त्यावर हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात पाच-सहा वेळा फिरवा. पेपर हातात धरून घासलात तर कड एका बाजूला जास्त झिजते आणि मग पट्टीला अर्धीच टेकते. तांबं मऊ असतं, चूक लगेच होते.

समोरची सर्किटवरची पट्टीही पुसायची, पण तिथे पेपर नको आणि नखही नको. तिच्यावर बहुतेकदा सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि तो एकदा गेला की खालचं तांबं झपाट्याने काळं पडतं. नुसती आयपीएची काडी फिरवा.

मग स्प्रिंग. चिमट्याने ती बाहेर काढता आली तर काढा, कारण तिच्या बुडाखाली हिरवट चिकट थर साचलेला असतो आणि वरून तो दिसत नाही. बूड आणि नळीचा तळ दोन्ही पुसा. स्प्रिंग बसून गेली असेल तर एक-दोन मिलिमीटर हलकेच ताणा. त्याहून जास्त ताणलीत तर ती सेल कायम वर दाबून ठेवते आणि डोकं सैल असतानाही सेल सर्किटवर घासत राहतो.

डोक्यात मधल्या ठिपक्याभोवती काही टॉर्चमध्ये फोमची छोटी चकती असते. सेल खुळखुळू नये आणि डोकं सैल असताना जरा मागे राहावा म्हणून ती ठेवलेली असते. वर्षा-दोन वर्षांत ती चपटी होते आणि टॉर्च खिशात आपोआप लागायला लागतो. पॅकिंगच्या दाट फोममधून तशीच चकती कापून बसवा, नखाएवढं काम आहे.

डोक्यातच दोष असेल तर

ठिपक्याभोवती प्लास्टिकची उंच कडा दिसतेय का बघा. सेल उलटा घातला तर सर्किट जळू नये म्हणून ती सोय असते. पण काही रिचार्जेबल सेलचं बोंड बुटकं असतं आणि ते त्या कडेच्या आत पोचतच नाही. सेल चांगला, टॉर्च चांगला, तरी अंधार. बोंड उंच असलेला दुसरा सेल आणला की प्रश्न मिटतो. बोंडावर झाळण्याचा थेंब चढवायचा उद्योग मात्र करू नका.

दुसरा संशय सर्किट धरून ठेवणाऱ्या कडीवर. डोकं बाजूने दाबलं की उजेड बदलतो, ही खूण. कडीवर समोरासमोर दोन भोकं किंवा खाचा असतील तर कर्कटकाची टोकं त्यात बसवून घड्याळाच्या दिशेने जरा आवळा. घट्ट लागलं की थांबा. टोक निसटून सर्किटवर ओरखडा गेला तर धडधाकट टॉर्च कायमचा जाईल. भोकं नसतील तर सर्किट दाबून किंवा चिकटवून बसवलेलं आहे, ते उकरू नका.

मागे बटण असलेला टॉर्च

याची चाचणी आणखी सोपी. मागची टोपी काढा, वायरच्या तुकड्याने सेलचं बूड आणि नळीची मागची कड जोडा. दिवा लागला तर दोष टोपीत आहे: बटण झिजलंय, आतली कडी सैल झालीय किंवा मागची कड मळलीय.

उलटी तक्रारही येते. बटण बंद केलं तरी दिवा विझत नाही. तांब्याच्या टॉर्चमध्ये याचं कारण बहुतेक वेळा सेलच्या अंगावरचं प्लास्टिक असतं. रिचार्जेबल निकेल आणि लिथियम-आयन सेलचा डबा ऋण टोकालाच जोडलेला असतो. त्याच्यावरचं वेष्टन फाटलं आणि उघडा डबा उघड्या तांब्याला टेकला की वीज बटणाला वळसा घालून थेट नळीत जाते. सेल काढून उजेडात फिरवून बघा. केसाएवढा चरा असला तरी तो सेल बदला.

आणि प्रवासाला निघताना टोपी अर्धा फेरा सैल करून टॉर्च 'लॉक' केला असं समजत असाल तर थांबा. ती युक्ती ॲल्युमिनियमच्या टॉर्चची आहे. तिथे आट्यांवरही ॲनोडाइझचा, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा, थर असतो, तो वीज जाऊ देत नाही, म्हणून टोपी सैल झाली की वाट तुटते. तांब्याचे आटे उघडे असतात, टोपी सैल असली तरी आट्यांतून वीज जातच राहते. बॅगेत ठेवताना सेल काढून ठेवणं किंवा सेलच्या बुडाशी कागदाची चकती सरकवणं हाच उपाय. डोकं पिळायच्या टॉर्चला हा त्रास नाही, तिथे निर्णय कडेवर होतो. पूर्ण एक फेरा सैल करून ठेवा.

आटे आणि रबरी रिंग

तांब्यावर तांबं घासतं तेव्हा मऊ धातूचे बारीक कण सुटतात, वंगणात मिसळतात आणि काळी राड तयार होते. कडेवर चढणारा काळा तेलकट थर तो हाच. म्हणून तांब्याच्या टॉर्चचे आटे ॲल्युमिनियमपेक्षा जास्त वेळा पुसावे लागतात. मी महिन्यातून एकदा पुसतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. जुना टूथब्रश आयपीएत बुडवून नळीचे बाहेरचे आटे घासा. डोक्याच्या आतल्या आट्यांसाठी कापसाची काडी आट्यांच्या दिशेने फिरवा, आडवी नको.

पुसून झालं की सिलिकॉन ग्रीस. मोहरीच्या दाण्याएवढं पुरतं. बोटाने रिंगेवर आणि आट्यांवर पातळ पसरवा, कडेवर अजिबात जाऊ देऊ नका. गेलंच तर काडीने टिपून घ्या. पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्यांकडे हे ग्रीस छोट्या डबीत मिळतं.

घरात हाताशी खोबरेल असतं म्हणून ते लावणारे बरेच भेटले. नका लावू. तेलातल्या स्निग्ध आम्लांची तांब्याशी क्रिया होते आणि आट्यांत हिरवा साबणासारखा चिकटा तयार होतो. थंडीत खोबरेल थिजतं ते वेगळंच. व्हॅसलिन आणि डब्ल्यूडी-४० बद्दल विचाराल तर रिंग कुठल्या रबराची आहे हे आपल्याला माहीत नसतं. पेट्रोलियमच्या पदार्थांनी काही रबरं फुगतात आणि मग डोकं पिळताना रिंग तुटते. डब्ल्यूडी-४० ने गंजलेला स्क्रू सोडवा, टॉर्चला ते वंगण म्हणून लावू नका.

डोकं परत बसवताना आधी ते उलट्या दिशेने हलकेच फिरवा. आटे एकमेकांत बसायच्या जागेवर आले की 'टक्' असं बारीक खाली उतरल्यासारखं बोटांना कळतं. तिथून सुलट पिळायला लागा. या छोट्या टॉर्चचे आटे फार बारीक असतात. एकदा तिरके चढले तर मऊ तांब्याला कायमचा ओरखडा पडतो आणि मग टॉर्च प्रत्येक वेळी तिथेच अडतो.

डोकं जाम झालं असेल तर पक्कड लावू नका, तिचे दात तांब्यात उमटतात. दोन्ही भागांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि हातानेच पिळा. नाही हललं तर सेल आत आहे का आणि कुठला आहे, याचा आधी विचार करा. सेल आत नाही अशी खात्री असेल तरच टॉर्च प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा पट्टीने पिळा.

रिंग तुटली तर जुनी घेऊनच दुकानात जा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा बाजारांत मापाच्या रिंगा शोधता येतात, आणि घड्याळ दुरुस्तीवाल्याकडेही बारीक रिंगांची डबी असते. नवी रिंग खाचेत बसल्यावर किंचित वर आलेली दिसली पाहिजे. खाचेत बुडाली तर ती पाणी अडवणार नाही.

सेल आत गळला तर

या टॉर्चचा सर्वांत मोठा शत्रू हा आहे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पांढरी भुकटी होते, आणि तांब्यावर तिच्याभोवती निळं-हिरवं कडं दिसायला लागतं. हे क्षार कातडी आणि डोळ्यांना भाजतात. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा.

सेल निघत असेल तर काढा. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेली काडी पांढऱ्या भुकटीवर फिरवा. आधी फसफसेल, मग शांत होईल. लगेच साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या काडीने आम्ल पुसून घ्या, शेवटी आयपीए, आणि उघडा टॉर्च दिवसभर सुकू द्या. आम्ल आत राहिलं तर तेही तांबं खातं.

सेल फुगून अडकला असेल तर उघडं तोंड खाली करून नळी लाकडी पाटावर आपटा. नाही आला तर फटीतून व्हिनेगरचे थेंब सोडा, तासभर थांबा, पुन्हा आपटा. असे तीन-चार फेरे करायची तयारी ठेवा. एकदा मला यात अख्खी संध्याकाळ लागली होती, पण सेल निघाला. सेलला ड्रिलने भोक पाडून ओढायचा मोह आवरा, आतलं द्रव दाबाखाली असतं.

गळू नये म्हणून निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल वापरा. पूर्वी हे सेल कपाटात पडल्या पडल्या उतरायचे, म्हणून आणीबाणीच्या टॉर्चला कामाचे नव्हते. २००५ साली सान्योने एनेलूप आणला तेव्हापासून महिनोन्‌महिने चार्ज टिकवणारे सेल मिळतात. एएए मापात त्यांची क्षमता साधारण ७५० ते ८०० मिलीअँपिअर-तास असते. गाडीत किंवा प्रथमोपचाराच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी १.५ व्होल्टचे न चार्ज होणारे लिथियम सेल घ्या, महाग आहेत पण तिथे तेच योग्य.

याच मापाचा १०४४० नावाचा आणखी एक, रिचार्जेबल लिथियम-आयन सेल मिळतो. तो ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरलेला ४.२. तो घातला की टॉर्च एकदम दुप्पट-तिप्पट उजळतो, म्हणून लोक हौसेने घालतात. टॉर्चच्या माहितीपत्रकात १०४४० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला. १.५ व्होल्टसाठी केलेलं सर्किट त्याने जळू शकतं, आणि जळलं नाही तरी चिमुकला सेल झेपण्यापलीकडे तापतो. व्होल्टेज वेळेवर तोडायची सोय सर्किटमध्ये नसेल तर सेल खोलवर उतरतो, २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या. सुटा सेल नाण्यांबरोबर खिशात टाकू नका.

आता बाहेरचं तांबं

उघडं तांबं आधी लालसर तपकिरी होतं, मग गडद. तो थर घट्ट असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. मला स्वतःला तो फार आवडतो: अंगठा जिथे रोज टेकतो तिथे उजळ आणि खाचांत काळा, असा प्रत्येकाचा टॉर्च वेगळा दिसायला लागतो. हिरवा थर मात्र राहू देऊ नका. घामातल्या आणि समुद्राच्या हवेतल्या क्षारामुळे तो येतो, हाताला आणि कपड्यांना लागतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राकाठी राहत असाल तर तो जास्त लवकर दिसेल. दिसायला लागला की गार पाण्याने धुऊन, घासून पुसून कोरडा करा.

ट्रेकला दोन्ही हात गुंतले की टॉर्च दातांत धरायची सवय अनेकांना असते. तांब्याचा टॉर्च असा धरू नका. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने लाळेत तांब्याचे क्षार उतरतात.

चकाकी हवीच असेल तर घरचाच उपाय चांगला, फक्त क्रम पाळा. सेल काढा. डोकं घट्ट पिळून ठेवा म्हणजे आम्ल कडेपर्यंत जाणार नाही. लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ घेऊन बाहेरून अर्धा-एक मिनिट फिरवा. चिंचेचा कोळही चालतो. टॉर्च बुडवायचा नाही. ओल्या फडक्याने पुसा, मग पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याचं फडकं फिरवा, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच कोरडा करा. ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी डाग दिसतात. पितांबरीसारखी पूडही चालते, पण पुडीचे कण डोक्याच्या सांध्यात बसतात आणि पुढच्या वेळी आटे खरखरतात. दिवाळीच्या आधी आत्या देवाच्या उपकरणांबरोबर माझाही टॉर्च घासायला घेते. तेव्हा मी सांध्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळून देतो.

लिंबू लावूनही काहीच फरक पडला नाही तर टॉर्चवर पारदर्शक लॅकर आहे. तो घासू नका, पोपडे येतील. चकाकी टिकवायची असेल तर कोरड्या टॉर्चवर गाडीचं मेण-पॉलिश अगदी पातळ लावून पुसा, आट्यांपासून दूर.

पाणी शिरलं तर

काचेच्या आत धुकं दिसलं की लगेच सेल काढा, डोकं वेगळं करा आणि दोन्ही भाग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. तांबं उष्णता फार झपाट्याने वाहून नेतं, ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे बाहेर लावलेली ऊब क्षणात काचेच्या रिंगेपर्यंत आणि चिकटवलेल्या सर्किटपर्यंत जाते. याच गुणामुळे प्रखर टप्प्यावर अख्खा टॉर्च हाताला गरम लागतो आणि तसा लागणं चांगलं आहे, एलईडीची उष्णता बाहेर येते आहे. डोकं चटके देतंय आणि नळी गार आहे असं असेल तर आटे मळलेत, ते पुसा.

समुद्राचं पाणी शिरलं असेल तर वाळवायच्या आधी गोड्या पाण्याने, मग आयपीएने धुवा. मीठ आत राहिलं तर तांब्याला टेकलेली लोखंडी स्प्रिंग आणि क्लिपचे स्क्रू आधी गंजतात, कारण दोन वेगळे धातू आणि खारं पाणी मिळून छोटा सेलच तयार होतो.

एवढं सगळं करूनही वायरच्या चाचणीत डोकं लागत नसेल तर सर्किट किंवा एलईडी गेलाय. डोकं उघडणारं असेल तर लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या परिसरातल्या एखाद्या बारीक झाळकाम करणाऱ्याला दाखवा. जाताना जुनं सर्किट, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला कागद आणि चालू सेल बरोबर न्या. डोकं चिकटवलेलं असेल तर त्याच बनावटीचं नुसतं डोकं विक्रेत्याकडे मिळतं का ते विचारा. नळी टाकू नका. नव्या डोक्याचे आटे जुळले तर त्याच नळीची कड खोडरबराने पुन्हा एकदा पुसा आणि मगच सेल घाला.